साबण-उटण्याला सरकारी हात

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) नव्या उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर अनुदान मिळतं. गावातल्या महिलेनं १० लाखांचं साबण-उटण्याचं युनिट काढलं, तर पदरचे ५० हजार, उरलेलं बँकेचं कर्ज आणि अनुदान साडेतीन लाख, म्हणजे ३५ टक्के. खुल्या गटातल्या शहरी पुरुषाला १५ टक्केच.

मात्र ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते. युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळती होते. तोवर हप्ते भरायची तयारी हवीच.

सौंदर्यप्रसाधनं बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवानाही लागतो. जागा ठरवण्याआधीच त्याच्या अटी वाचा. नंतर भिंती पाडणं परवडत नाही.