पत्र्याच्या गिटारचा जमाखर्च

वस्तीतील गायनाचा कार्यक्रम ऐन रंगात येतो आणि वीज जाते. माईक मुका होतो, कीबोर्ड बंद पडतो. अशा वेळी ढोलकी आणि खड्या गळ्याचा गायक एवढेच कार्यक्रम तारून नेतात. मागे बसलेल्या आयाबायांना गाणे ऐकू गेले पाहिजे, ही आपल्याकडची पहिली अट. वाद्य कितीही गोड असले, पण चौथ्या रांगेपलीकडे पोहोचत नसेल, तर गरिबाच्या मैफलीत त्याचा काय उपयोग?

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील गिटार वाजवणाऱ्यांना होती. त्या अडचणीतून एक वाद्य जन्मले. त्याचे नाव रेझोनेटर गिटार. अमेरिकेतील काळ्या कष्टकऱ्यांचे ‘ब्लूज’ म्हणून जे गाणे जगभर गाजले, त्या गाण्याशी या गिटारचे नाते फार जवळचे आहे. अलीकडच्या काळात काही कंपन्यांनी याच जुन्या घाटाच्या गिटारी बेताच्या दरात पुन्हा बाजारात आणल्या. कोणी म्हणेल, ही बातमी संगीतवाल्यांची. आपल्याला तिचे काय? पण आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे आणि पोटापाण्याने कारकून. आम्हाला त्यात एक हिशेब दिसला. वस्तू स्वस्त करताना काय कापायचे आणि काय राखायचे, याचा हा हिशेब आहे.

गिटारच्या पोटातील ‘पातेले’

साध्या गिटारचे पोट लाकडी असते. तार छेडली की वरची पातळ फळी थरथरते आणि आवाज होतो. घरात बसून ऐकायला तो पुरेसा असतो. पण १९२० च्या दशकात नाचगाण्याच्या ताफ्यात पितळी तुताऱ्या, सॅक्सोफोन, बँजो अशी दणदणीत वाद्ये असत. त्यांच्यापुढे गिटारचा आवाज बुडून जाई. विजेवर वाजणारी गिटार तोपर्यंत बाजारात आलेली नव्हती.

जॉर्ज बोशाम्प नावाचा एक कलावंत रंगमंचावर हवाईयन गिटार वाजवत असे. त्याने लॉस एंजेलिस शहरातील वाद्यकारागीर जॉन डोपेरा यांना गाठले आणि मोठ्या आवाजाची गिटार करून मागितली. डोपेरा हे स्लोव्हाक प्रदेशातून अमेरिकेत पोट भरायला गेलेल्या कुटुंबातील. हाताला हुन्नर होता. बऱ्याच खटपटीनंतर त्यांनी गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन कोन बसवले. तारांचा ताण एका पट्टीवर घेतला आणि ती पट्टी या कोनांवर टेकवली. तार हलली की कोन हलतात आणि हवेला धक्का देतात. रेडिओच्या भोंग्यातील कागदी कोन ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही युक्ती लगेच कळेल. फरक इतकाच, की इथे विजेची गरज नाही.

भांड्यांच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकांना आणखी एक गोष्ट कळेल. हे कोन लेथवर घडवतात. फिरत्या साच्यावर पत्र्याची चकती दाबत दाबत नेली, की पातेल्यासारखा आकार येतो. पत्रा जाड राहिला तर आवाज दबतो, फार पातळ झाला तर कोन तारांच्या ताणाने बसतो. सारी करामत त्या कामगाराच्या हातात असते.

१९२७ मध्ये ‘नॅशनल’ कंपनीने ही गिटार विक्रीला आणली. तिचे अंग जर्मन सिल्व्हरचे होते. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. पुढे भागीदारांत बिनसले. डोपेरा बाहेर पडले आणि त्यांनी भावांबरोबर ‘डोब्रो’ नावाची वेगळी कंपनी काढली. डोपेरा आणि ब्रदर्स या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. स्लोव्हाक भाषेत ‘डोब्रो’ या शब्दाचा अर्थही ‘चांगले’ असाच आहे. डोब्रोचे अंग लाकडी, आणि कोन एकच, तोही वाडग्यासारखा उताणा ठेवलेला.

मंदीत निघाली स्वस्त गिटार

नॅशनलच्या तीन कोनांच्या गिटारची किंमत सव्वाशे डॉलरपासून पुढे होती. नक्षीकामाची गिटार दोनशेच्या घरात जाई. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत महामंदी आली. कारखाने बंद पडले, हातातील कामे गेली. सव्वाशे डॉलरची गिटार घेणार कोण?

कंपनीने मग ‘डुओलियन’ नावाची गिटार काढली. किंमत साडेबत्तीस डॉलर, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. हे कसे साधले? जर्मन सिल्व्हरच्या जागी पोलादी पत्रा आला. नक्षी गेली. चकचकीत निकेलचा मुलामा गेला, त्याऐवजी खडबडीत दिसणारा रंग मारला. तीनऐवजी एकच कोन बसवला. पण जो कोन बसवला, तो ॲल्युमिनियमचाच आणि नीट घडवलेला. शोभा वजा केली, आवाज मात्र खात्यात कायम ठेवला. आमच्या मते या साऱ्या कथेचे मर्म एवढेच आहे.

तरीही साडेबत्तीस डॉलर म्हणजे किती, हे नीट समजून घेऊ. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यातील डेल्टा भागात, काळी कुटुंबे गोऱ्या मालकांच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवीत. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, पण कर्जाचा फास सुटला नव्हता. १९३१ मध्ये कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्याही खाली गेला. त्यांची गाठ सुमारे पाचशे पौंडांची. म्हणजे अख्ख्या गाठीचे तीस डॉलरही येत नव्हते. त्यातील निम्मे मालकाचे. उरलेल्यातून बियाण्याची, खताची आणि दुकानातील उधारीची वजावट व्हायची. हिशेबाची वही मालकाच्याच हातात! म्हणजे बटईदाराला ही ‘स्वस्त’ गिटार घ्यायची, तर दोन गाठींहून अधिक कापसाचा वाटा मोजावा लागे. विदर्भ-मराठवाड्यातील कापूसकरी वाचकांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

शनिवारची रात्र आणि तंबाखूची वखार

असे असूनही ही गिटार कष्टकऱ्यांच्या गाण्यापर्यंत पोहोचली. कारण ती गाणाऱ्याच्या पोटाचे साधन होती. शनिवारच्या रात्री लाकडी खोपटात नाचगाणे चाले. गर्दी, पायांचे ठेके आणि आरडाओरडा. खेड्यात वीज नाही. तिथे पत्र्याची गिटार एकटी सगळ्यांना पुरून उरे. गाणारा बोटात बाटलीची कापलेली मान किंवा लोखंडी नळी अडकवून ती तारांवरून सरकवी. मग तार माणसासारखी हुंदका देई, हाक मारी, उलट जबाब देई.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम हे तंबाखूचे शहर. तिथे ब्लाइंड बॉय फुलर नावाचा अंध गायक तंबाखूच्या वखारींबाहेर कामगारांना गाणी ऐकवून पोट भरी. त्याच्या हातात नॅशनलची डुओलियनच होती. १९३५ पासून पुढच्या पाच वर्षांत त्याची शंभराहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित झाली. १९४१ मध्ये तो वारला. त्याचे प्रसिद्ध छायाचित्र आजही पाहायला मिळते. कोट-टाय घातलेला तरुण आणि मांडीवर पत्र्याची गिटार. दृष्टी नसलेल्या त्या माणसाने आवाजावर संसार केला. रस्त्याच्या गोंगाटात दबून जाणारे वाद्य त्याला काय कामाचे होते?

साधारण याच काळात, १९३० च्या दशकात, आपल्याकडे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. त्यांनाही माईक नव्हता. ढोलकी, झांज, तुणतुणे आणि गळा यांवर त्यांनी हजारोंपर्यंत विचार पोहोचवला. दोन्ही लोकांचा एकमेकांशी परिचय नव्हता, तरी गरज एकच होती. आपले म्हणणे शेवटच्या माणसाला ऐकू गेले पाहिजे.

हाच सूर दुसऱ्या वाटेने आपल्या देशातही आला. रेझोनेटर गिटार मुळात हवाईयन संगीतासाठी घडली होती आणि सोल होओपी यांच्यासारख्या हवाईयन वादकांनी ती गाजवली. ते हवाईयन वादन १९४० च्या दशकात ताउ मोए या कलावंताने कलकत्त्यात राहून रुजवले. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत गिटारचा जो सरकता, लांबवलेला सूर येतो, त्याचे मूळ या हवाईयन वादनात आहे.

गरिबाची वस्तू श्रीमंतांच्या काचेत

१९३० च्या दशकात विजेची गिटार आली. गंमत म्हणजे तिच्या जन्मातही त्याच बोशाम्पचा हात होता. आवाज वाढवायला आता कोनाची गरज राहिली नाही. महायुद्धात धातू लढाईकडे वळला आणि कारखान्यातील काम थांबले. पत्र्याच्या गिटारी माळ्यावर आणि सावकाराच्या दुकानात जाऊन पडल्या.

१९६० च्या दशकात गोऱ्या तरुणांना जुन्या ब्लूजची ओढ लागली. बुका व्हाइट हा गायक मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात राहून आलेला. १९४० च्या ध्वनिमुद्रणानंतर तो विस्मृतीत गेला होता. त्याच्या एका गाण्यात ॲबरडीन गावाचे नाव होते. १९६३ मध्ये दोन तरुणांनी तेवढ्याच आधारावर ‘बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक, ॲबरडीन’ अशा पत्त्यावर पत्र टाकले. नातेवाइकाकडून ते त्याला मेम्फिसमध्ये मिळाले! पुढच्याच वर्षी सन हाउस हे थोर गायक रॉचेस्टर शहरात सापडले. तोपर्यंत त्यांच्याजवळ स्वतःची गिटारही उरली नव्हती. हे दोघे पुन्हा मंचावर आले तेव्हा त्यांच्या हातात नॅशनलचीच गिटार होती.

मग या गिटारचे दिवस पालटले. १९८५ मध्ये ‘डायर स्ट्रेट्स’ या इंग्रज ताफ्याच्या एका अतिशय खपलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तिचे चित्र झळकले. जुन्या गिटारी हजारो डॉलरांना विकल्या जाऊ लागल्या. १९८९ च्या सुमारास डॉन यंग आणि मॅकग्रेगर गेन्स यांनी कॅलिफोर्नियात जुन्या पद्धतीने नव्या गिटारी करणारा कारखाना काढला. काम अव्वल, पण किंमतही तशीच. जी गिटार मंदीत गरिबांसाठी निघाली, ती आता पैसेवाल्यांच्या काचेच्या कपाटात बसली.

पुन्हा स्वस्त झाली, पण कशी?

यावर उपाय म्हणून रीगल, रेकॉर्डिंग किंग, रिपब्लिक, ग्रेच अशा नावांखाली जुन्या घाटाच्या गिटारी काही शेकडो डॉलरांत मिळू लागल्या. यांपैकी बऱ्याच गिटारी चीनमध्ये तयार होतात. अंग थरांच्या लाकडाचे किंवा पितळ-पोलादाचे. ज्या कंपन्यांनी नक्षी सोडली आणि चांगला कोन राखला, त्यांच्या गिटारी वाजतात. ज्यांनी अंग चकचकीत केले आणि कोन जाड, साच्यात दाबून काढलेला बसवला, त्यांची गिटार दिसते नॅशनलसारखी आणि वाजते डब्यासारखी. मग वाजवणारा पदरचे पैसे घालून कोन बदलतो. म्हणजे वाचलेले पैसे गेले कुठे?

अशी गिटार कोणी घेणार असेल, तर त्याने पुढील गोष्टी पाहाव्यात. मोठ्याने वाजवल्यावर आतून खडखड येते का? तारा गळपट्टीपासून इतक्या उंच तर नाहीत, की बोटे दुखतील? उलट, नळी सरकवताना ती पट्ट्यांवर आपटण्याइतक्या खाली तर नाहीत? मान सरळ आहे का? आणि कोन कसा घडवला आहे, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. चकाकीला भुलू नये.

स्वस्ताईला आणखी एक बाजू आहे, तीही कष्टकऱ्यांच्या घरी विसरली जाऊ नये. किंमत नक्षी काढून कमी झाली असेल, तर त्याचे स्वागत. पण ती लेथवरच्या कामगाराची मजुरी कापून कमी झाली असेल, तर एका गरिबाचा आवाज दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय देऊन उभा राहिला, असे म्हणावे लागेल. जमेच्या बाजूला वाद्य आणि खर्चाच्या बाजूला माणूस, असा ताळेबंद आम्हाला मान्य नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, गरिबाला स्वस्त वस्तू देताना बरेचदा तिच्यातील सत्त्वच काढून घेतात आणि वर चकाकी ठेवतात. डुओलियनने उलटे केले. ती दिसायला ओबडधोबड होती, पण तिने आपले काम चोख केले. म्हणूनच अंध फुलरचा आवाज वखारीच्या शेवटच्या कामगारापर्यंत गेला. आपल्या मुलामुलींसाठी वाद्य घ्या, पुस्तक घ्या की शिकवणी लावा. हा हिशेब ध्यानात ठेवा. शोभेत काटकसर चालेल. आवाजात नको.