जुने संगणक आणि संथ लिनक्स

वर्धा-नागपूर मार्गावरील सेलू हे तालुक्याचे ठिकाण. अशा गावांतील शाळा, वाचनालये व लहान कार्यालये यांत दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक अद्याप वापरात असणे स्वाभाविक होय. विनामूल्य मिळणारी व थोड्या मेमरीवर चालणारी लिनक्स प्रणाली अशा यंत्रांना मानवते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीदेखील डेबियन लिनक्सवरच आधारलेली आहे. मात्र अशा संगणकावर नवे पॅकेज बसवावयास घेतले, की पडद्यावरील आकडा तासभर हलत नाही. यंत्र निकामी झाले, असा समज होऊन ते अडगळीत टाकले जाते. दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो.

पॅकेज प्रथम इंटरनेटवरील भांडारातून उतरवले जाते व त्यानंतर डिस्कवर मांडले जाते. खोळंबा नेमका कोठे होतो, हे आधी पाहावे. आकडा शून्यावरच थबकला असेल, तर भांडाराशी संपर्कच झालेला नाही. जुन्या प्रणालींच्या बाबतीत याचे प्रमुख कारण असे, की भांडारच हलविलेले असते. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि तिची पॅकेजे ‘व्हॉल्ट’ या जुन्या संग्रहात गेली. डेबियनच्या कालबाह्य आवृत्त्याही अशाच निराळ्या संग्रहात ठेवल्या जातात. संगणक मात्र बिचारा जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. प्रत्येक पत्त्याची वाट पाहण्यात वेळ जातो आणि वापरणाऱ्यास ते ‘संथपण’ भासते. स्रोतांच्या यादीत संग्रहाचा पत्ता घातला, की हा अडथळा बहुधा दूर होतो.

पत्ता बरोबर असूनही अडत असेल, तर घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील बॅटरी संपली, की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षेची प्रमाणपत्रे नाकारली जातात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपल्याने कित्येक जुन्या प्रणालींचे सुरक्षित दुवे अचानक तुटले होते. त्यांवर प्रमाणपत्रांचे पॅकेज नवे घालणे हाच उपाय होता. आयपीव्ही६ चा मार्ग दिसतो परंतु चालत नाही, असेही घडते. अशा वेळी ॲप्टला केवळ आयपीव्ही४ वापरावयास सांगितल्यास काम सुरळीत चालते. पॅकेजवरील स्वाक्षरीची तपासणी मात्र घाईपोटी कदापि बंद करू नये.

पॅकेज उतरले, पण मांडणी रेंगाळते, असे असेल तर डिस्ककडे वळावे. डीपीकेजी ही आज्ञावली मजकूर डिस्कवर पक्का उतरल्याची वारंवार खात्री करून घेते. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर यास वेळ लागणारच. ही सावधगिरी वीज खंडित होण्याच्या प्रसंगी उपकारक ठरते. मध्येच वीज गेल्यास ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा देऊन अर्धवट काम पूर्ण करावे. कुलूप-फाइल आढळली, तर पार्श्वभूमीवर दुसरे अद्ययावतीकरण चालू असण्याचा संभव असतो. ते संपू द्यावे. फाइल पुसून टाकण्याने पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते.

शाळेत दहा संगणक असतील, तर तेच पॅकेज दहा वेळा उतरविण्याचे कारण नाही. एका संगणकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसविल्यास एकदा आलेले पॅकेज तेथे साठते व उरलेल्या नऊ यंत्रांना ते स्थानिक जाळ्यातूनच मिळते. मंद जोडणीच्या ठिकाणी हा उपाय सर्वांत लाभदायक वाटतो.

जुन्या संग्रहावर विसंबणे ही तात्पुरती सोय असते, कारण तेथील पॅकेजांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून आवृत्ती बदलावी. डेबियनमध्ये ती एकेक पायरीने बदलावी लागते. ३२-बिट यंत्रांच्या बाबतीत मात्र आधी विचार करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. त्यांनी १२ व्या आवृत्तीपाशीच थांबावे.