अधूनमधून तापणारा प्रोसेसर

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान मधूनच ८५ अंश सेल्सियसवर जाते आणि बघता बघता ५० वर येते. याला दर वेळी बिघाड म्हणता येत नाही. तापमान मोजणारे सेन्सर चिपच्या पोटातच, कोअरना लागून असतात आणि उष्णता निर्माण होते ती अवघ्या काही चौरस मिलिमीटर जागेत. ब्राउझर उघडला की एखादा कोअर क्षणभर वेग आणि व्होल्टेज वाढवतो. ती ऊब हीटसिंकपर्यंत पोचण्याआधीच आकडा १५-२० अंशांनी उडालेला असतो.

आकडा खरा आहे का, हे आधी पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही, म्हणून एचडब्ल्यूइन्फोसारखे सॉफ्टवेअर वापरतात. अशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असली, तर कधी कधी भलतेच आकडे येतात. मदरबोर्डवरच्या ज्या जागी सेन्सर जोडलेलाच नाही, तिथे १२७ अंशही दिसू शकतात. पाहणाऱ्याला घाम फुटतो, प्रोसेसर मात्र थंडच असतो. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत तर पंख्यांच्या नियंत्रणासाठी खऱ्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवून आकडा दिला जात असे.

आकडा खरा असेल, तर तो कसा चढतो यावरून बरेच कळते. जड काम सुरू होताच दोन-चार सेकंदांत तापमान ९५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिले, तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही असा संशय घ्यावा. इंटेलच्या प्रोसेसरांबरोबर वर्षानुवर्षे मिळत आलेल्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या पिनांपैकी एक सुटली, की नेमके असे होते. वरून सारे जागच्या जागी दिसते, म्हणून संगणक बंद करून प्रत्येक पिन हाताने हलवून पाहावी लागते. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून जाते, हाही नेहमीचा घोळ. थर्मल पेस्ट सुकली असेल, तर जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट पुरते.

तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर दोष हवेचा. हीटसिंकच्या पट्ट्यांत धूळ साचलेली असते किंवा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेले असते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; त्यामुळे डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा संगणक विदर्भातल्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, त्याच कामाला ८५ दाखवेल.

इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास, तर रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ असते. ती गाठली की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो; तरीही ताप वाढत गेला तर संगणक बंद पडतो. क्षणिक उड्यांमुळे फक्त पंखा सारखा घुरघुरत असेल, तर नवा कूलर घेण्याची गरज नाही. पंख्याने वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबावे अशी सोय बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये असते. तेवढी चालू केली की पुरते.