हवे तितके भरून घ्या : अमेरिकेतील एक रीत मागे पडते आहे



आपण ऊस लावतो, वाढवतो, तोडून गव्हाणीत टाकतो. साखर पोत्यात भरली की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. ती साखर पुढे कोणाच्या पेल्यात जाते, तो पेला कोण भरतो आणि त्याचा हिशोब कोण ठेवतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. म्हणून या अंकात खोडवा, हुमणी आणि खतांच्या मात्रा हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आम्ही एका नळाची गोष्ट सांगणार आहोत. हा नळ आहे अमेरिकेतल्या खाद्यगृहांत, आणि त्यातून पाणी नव्हे तर गोड शीतपेय येते. नळ दूरचा असला तरी त्याचा हिशोब आपल्या बांधापर्यंत येतो.

नळ कसला, रीत कसली?

अमेरिकेत झटपट खाण्याची, म्हणजे फास्ट फूडची, हजारो हॉटेले आहेत. तिथे गल्ल्यावर पैसे दिले की खाण्याबरोबर एक रिकामा कागदी पेला हाती मिळतो. कोपऱ्यात एक यंत्र उभे असते. त्याला सहा-आठ नळ, आणि एका बाजूला बर्फ. आपण जायचे, बर्फ घ्यायचा, हव्या त्या नळाखाली पेला टेकवायचा, की फसफसते पेय सुरू. पेला संपला तर पुन्हा भरायचा आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. या दुसऱ्या-तिसऱ्या भरण्याला तिकडे ‘रिफिल’ म्हणतात.

आपल्या काही सभासदांची मुले-मुली तिकडे नोकरीला आहेत. ती सुटीत गावी आली की सांगतात, पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा खरेच वाटले नाही. कोणी हटकेल म्हणून दुसऱ्यांदा पेला भरायला हात धजेना. आपल्याकडेही गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला रस प्यायला मोजमाप नसते. पण तो झाला पाहुण्याचा मान. रसवंतीवर बसले की मात्र हाफ आणि फुल, आणि पैसे मोजून.

ही रीत आता मागे पडू लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकडोनाल्ड्स या सर्वांत मोठ्या कंपनीने जाहीर केले, की अमेरिकेतील आपल्या हॉटेलांच्या बैठकीच्या जागेतील हे स्वतः भरायचे नळ ती २०३२ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकणार आहे. पेला यापुढे गल्ल्यामागून भरून मिळेल. इतर अनेक ठिकाणी असे नळ अजून चालू आहेत, एका दिवसात ते नाहीसे होणार नाहीत. पण एवढ्या मोठ्या कंपनीने पाऊल मागे घेतले, म्हणजे वारा कुठे वाहतो ते कळते.

यंत्राच्या पोटात काय असते?

नळातून येणारे पेय आधी तयार करून ठेवलेले नसते. खोक्यात एक जाड प्लास्टिकची पिशवी असते आणि त्या पिशवीत दाट पाक. नेहमीची पिशवी ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची. दुसरीकडून थंड पाणी येते, त्यात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली मुरवलेला असतो. एक भाग पाक आणि पाच भाग पाणी नळाच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पेल्यात पडतात. एका खोक्यातून सुमारे ११३ लिटर पेय निघते.

आता आपला हिशोब मांडू. कोका-कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० मिलिलिटरला सुमारे ११ ग्रॅम. या प्रमाणात एका खोक्यातून साडेबारा किलोच्या आसपास गोडी लोकांच्या पोटात जाते. ११ टक्के उतारा धरला तर एवढ्या साखरेला ११० ते ११५ किलो ऊस लागेल. एक खोके म्हणजे सव्वा क्विंटलाच्या आतबाहेर ऊस! अशी किती खोकी रोज रिकामी होत असतील याचा अंदाज सभासदांनीच करावा.

हाताकडून नळाकडे

फसफसत्या पाण्याचे मूळ आपल्याला ओळखीचे वाटेल. इंग्लंडातील लीड्स येथे जोसेफ प्रिस्टले हा शास्त्रज्ञ एका बिअरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मुरतो आणि त्या पाण्याला छान चव येते, हे त्याने १७६७ च्या सुमारास पाहिले. आसवनीत मळी आंबताना निघतो तो हाच वायू. काही आसवन्या तो गोळा करून शीतपेयांच्या कारखान्यांना विकतातही.

अमेरिकेत असे पाणी औषधाच्या दुकानांत विकले जाऊ लागले. तिथे संगमरवरी ओट्यामागे एक माणूस उभा राही, पेल्यात पाक घाली, वर सोडा सोडी आणि गिऱ्हाइकाच्या हाती देई. ८ मे १८८६ रोजी अटलांटा शहरातील अशाच एका दुकानात कोका-कोलाचा पहिला पेला विकला गेला. किंमत पाच सेंट. तेव्हा नळ विकणाऱ्याच्या हाती होता.

गिऱ्हाइकाने स्वतः उठून घ्यावे ही कल्पना पुढची. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकडोनाल्ड बंधूंनी मोटारीपर्यंत खाणे नेऊन देणारे नोकर काढले आणि गिऱ्हाइकाला खिडकीशी येऊन रांगेत उभे केले. मजुरी वाचली, भाव उतरला, गर्दी वाढली. पुढे तीच युक्ती पेयांना लागली. १९८० मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानांनी ३२ औंसांचा, म्हणजे जवळजवळ एक लिटरचा पेला देशभर आणला. १९८८ मध्ये टाको बेल या कंपनीने पेल्याची रिफिल फुकट केली आणि मग एकामागून एक इतरांनाही तसे करावे लागले.

फुकट देणे परवडत कसे होते? कारण पाक, पाणी आणि वायू यांचा खर्च विक्रीच्या किमतीच्या मानाने अगदी थोडा. महाग होता तो पेला भरून देणारा माणूस. गिऱ्हाइकाने स्वतः भरला तर त्याची मजुरी वाचते. वर दोन पेले जास्त प्याला तरी मालकाचे फारसे बिघडत नाही, आणि ‘हवे तितके प्या’ म्हटल्याने माणूस पुन्हा त्याच हॉटेलात येतो. दिसायला औदार्य होते, आत सगळा मजुरीचा हिशोब.

मग उलटे का फिरले?

पहिले कारण असे, की गिऱ्हाईक उठून बाहेर गेले. मॅकडोनाल्ड्सने १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा गावी मोटारीत बसल्या-बसल्या खाणे देणारी पहिली खिडकी उघडली. जवळच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात मोटारीतून उतरायची मनाई होती, त्यांच्यासाठी ही सोय. आज या कंपनीचा अमेरिकेतील बहुतांश धंदा अशा खिडकीवरूनच होतो, आणि त्यात मोबाइलवरून घरपोच मागवणाऱ्यांची भर पडली आहे. यांच्यासाठी पेला आतूनच भरून द्यावा लागतो. ते काम आता स्वयंचलित यंत्र करते: पेला खाली येतो, बर्फ पडतो, पेय भरते. एकदा आत असे यंत्र बसवले, की बाहेर बसणाऱ्या मोजक्या लोकांसाठी दुसरे यंत्र ठेवायचे कशाला?

दुसरे कारण स्वच्छतेचे. बाहेरच्या नळाला शेकडो हात लागतात. ओटा चिकट होतो, तो सारखा पुसावा लागतो. व्हर्जिनिया राज्यात रोनोक खोऱ्यातील ३० यंत्रांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नळातून घेतलेल्या पेयांच्या नमुन्यांपैकी ४८ टक्क्यांत अस्वच्छतेची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जंतू आढळले. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा हे नळ बंद ठेवावे लागले, आणि त्यांच्यावाचूनही धंदा चालतो हे मालकांच्या लक्षात आले.

तिसरे कारण सांगायला लहान, पण गल्ल्यावरच्याला डोकेदुखी. पाण्याचा फुकट पेला मागायचा आणि नळावर जाऊन त्यात गोड पेय भरायचे, असे करणारे बरेच. नळ आत गेला की हा प्रश्नच मिटतो.

चौथे कारण सरकारचे आणि डॉक्टरांचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. फ्रान्सने २०१७ च्या जानेवारीत गोड पेयांच्या फुकट रिफिलवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये असाच नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. अमेरिकेत असा देशव्यापी कायदा नाही. तिथे नळ गेला तो मालकाच्या वहीतल्या आकड्यांनी.

यात नुकसान कोणाचे? एका पेल्यावर तास-दोन तास गार हवेत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे, लांबच्या प्रवासात पाय मोकळे करणाऱ्या ट्रकचालकांचे, आणि सगळ्या नळांतले थोडे थोडे एकत्र करून नवेच रसायन बनवणाऱ्या पोरांचे. त्यांचे मत कोणी विचारले नाही. नळ हातात दिला तेव्हाही विचारले नव्हते.

पेय तेच, गोडी दुसरी

आता सभासदांनी नीट ऐकावे अशी गोष्ट. अमेरिकेत त्या नळातून येणारी गोडी उसाची राहिलेलीच नव्हती. परदेशी साखरेच्या आयातीवर तिकडे बंधने होती, त्यामुळे साखर महाग आणि मक्यापासून केलेला फ्रुक्टोजयुक्त पाक स्वस्त. १९८० मध्ये कोका-कोलाने निम्म्या साखरेच्या जागी हा पाक चालेल असे ठरवले आणि नोव्हेंबर १९८४ पर्यंत कोका-कोला व पेप्सी दोघांनीही आपल्या पेयात पूर्णपणे मक्याचा पाक वापरायला परवानगी दिली. बाटली तीच, नाव तेच, नळ तोच. पिणारे पीत राहिले आणि साखरेचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. जुलै २०२५ मध्ये कोका-कोलाने उसाच्या साखरेचे एक पेय अमेरिकेत आणण्याचे जाहीर केले खरे, पण ते नेहमीच्या पेयाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

ब्रिटनमध्ये दुसरीच तऱ्हा झाली. तिथे एप्रिल २०१८ पासून जास्त साखरेच्या पेयांवर कर बसला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. कंपन्यांनी काय केले? अनेक पेयांतील साखर त्या रेषेखाली आणली आणि कमी पडलेली गोडी कृत्रिम पदार्थांनी भरून काढली. पेय राहिले, साखर गेली.

आपण यातून काय घ्यावे?

गट मेळाव्यात हा विषय निघाला तेव्हा एका जुन्या सभासदाने विचारले, “साहेब, लोकांनी गोड कमी प्यावं म्हणता, मग आमच्या उसाचं काय?” प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. साखर विकतो म्हणून डॉक्टरांचे म्हणणे खोटे ठरत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आपल्याही वाड्या-वस्त्यांवर पोहोचल्या आहेत. लोकांनी बेताने गोड खावे आणि आपला ऊसही चालावा, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतील ते पाहणे आपले काम आहे.

आपल्या देशातील साखरेचा मोठा भाग घरच्या डब्यात न जाता मिठाई, बिस्किटे आणि शीतपेयांच्या कारखान्यांत जातो. असा खरेदीदार प्रेमाने साखर घेत नाही, हिशोबाने घेतो. हिशोब बदलला की तो एका हंगामात पाठ फिरवू शकतो. त्याला इथेनॉल हा उपाय आहे, असे आपण म्हणतो आणि ते बरोबरही आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. पण तिथेही पाहा: डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली आणि त्या वर्षात मका पुढे निघून गेला. अमेरिकेच्या नळात १९८४ साली उसाला मागे टाकणारा तोच मका, आता आपल्या टाकीतही शेजारी येऊन बसला आहे.

मक्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तो आपल्याच काही सभासदांचेही पीक आहे. त्याच्याशी टिकायचे तर आपला टनाचा उत्पादन खर्च उतरला पाहिजे. एकरी टनेज वाढवणे, उतारा चांगला देणारे शुद्ध बेणे वापरणे, माती परीक्षणावरून खत देणे आणि खोडव्याकडे सावत्र पोरासारखे न पाहणे, हेच त्याचे मार्ग. आम्ही हे दर मेळाव्यात सांगतो, ते तुम्हाला पाठ झाले असेल. पण त्यामागचा हिशोब किती लांबून येतो, हे दाखवण्यासाठी ही नळाची गोष्ट सांगितली.

शेवटी एक सांगायचे राहिले. फुकट म्हटले की मोजमाप जाते. तिकडे नळाखाली पेला ओसंडेपर्यंत भरत, अर्धा पीत आणि उरलेला टाकून देत. आपणही रात्री मोटर चालू करून झोपायला जातो आणि सकाळी सरीत गुडघाभर पाणी पाहून समाधान मानतो. त्या पाण्याने जमीन खारवटते, खत वाहून जाते, उतारा घसरतो. तिकडचा नळ मालकाने आपल्या हिशोबाने बंद केला. आपला नळ अजून आपल्याच हाती आहे. तो विहिरीने किंवा कायद्याने बंद करण्याआधी आपणच मोजून सोडावा. ठिबकाची माहिती आणि माती परीक्षणाच्या पिशव्या गट कार्यालयात ठेवल्या आहेत. लागणीपूर्वी सभासदांनी येऊन घेऊन जाव्यात.

— ऊस विकास विभाग