युरोपात रेल्वेने फिरताना हॉटेल कुठे घ्यायचं?

भिलाईहून बोलतेय. मागच्या भागात आपण युरोपातली शहरं कोणत्या क्रमाने घ्यायची ते बघितलं. आज मुक्कामाचं बोलू या.

भिलाईला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आम्ही फोनवर आधी एकच प्रश्न विचारतो, "तिकीट कुठल्या स्टेशनचं काढलंय?" कारण आमच्याकडे भिलाई, भिलाई पॉवर हाऊस आणि भिलाई नगर अशी तीन स्टेशनं आहेत आणि लांबच्या बऱ्याच गाड्यांसाठी शेजारचं दुर्ग जंक्शनच सोयीचं पडतं. शिवाय सुपेला रुळांच्या एका बाजूला, टाउनशिप दुसऱ्या बाजूला. पाहुणा चुकीच्या ठिकाणी उतरला की अर्धा तास गेलाच. युरोपात हॉटेल शोधताना मात्र हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. "पॅरिसमध्ये स्वस्त हॉटेल" असं टाकतो, फोटो बघतो आणि पैसे भरून मोकळे होतो.

मीही पहिल्या खेपेला तेच केलं. ॲम्स्टरडॅमहून पॅरिसला आलो, तर उतरलो त्याच स्टेशनाजवळ हॉटेल घेतलं होतं. येताना मजा वाटली. पण स्वित्झर्लंडची गाडी सुटणार होती दुसऱ्याच स्टेशनातून, तीही सकाळी. बॅगा घेऊन जिने उतरलो, चढलो, चुकीच्या फलाटावर गेलो आणि गाडी गेली. तिकीट त्याच गाडीचं होतं, ते वाया. नवीन तिकीट आयत्या वेळी काढलं, ते महाग. खोलीवर वाचवलेले पैसे एका सकाळीत गेले.

म्हणून माझा पहिला नियम असा: हॉटेल उतरायच्या स्टेशनापेक्षा निघायच्या स्टेशनाला जवळ हवं. पोहोचताना आपल्याकडे वेळ असतो. उशीर झाला तरी खोली कुठे पळत नाही. निघताना मात्र घड्याळ समोर असतं.

एक खरी यादी घेऊन बघू

आमच्या सेक्टरमधले एक काका-काकू पुढच्या वर्षी निघताहेत. काका प्लांटमधून निवृत्त झालेत, काकूंचा उजवा गुडघा दुखतो. निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदाच करायची सहल आहे, त्यामुळे चूक परवडणार नाही. त्यांची यादी अशी: ॲम्स्टरडॅम ३ रात्री, पॅरिस ४, ल्युसर्न ३, व्हेनिस २ आणि रोम ३. परतीचं विमान रोमहून.

ॲम्स्टरडॅम. सेंट्राल स्टेशन जुन्या शहराला लागूनच आहे. काकांनी कालव्यावरचं एक सुंदर जुनं घर निवडलं होतं. मी विचारलं, लिफ्ट आहे का? नव्हती. तिथल्या जुन्या घरांचे जिने इतके उभे असतात की शिडीच म्हणा. काकूंना ते जमणार नाही. स्टेशनाच्या अगदी जवळच्या काही गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत गोंगाटही असतो. त्याऐवजी आम्ही डे पाइप भागात लिफ्टचं हॉटेल बघितलं. २०१८मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने तिथून सेंट्राल तिसरा थांबा आहे. म्हणजे स्टेशनाला चिकटून राहायलाच हवं असं नाही. गाडी न बदलता स्टेशनात पोहोचता आलं की पुरे.

पॅरिस. इथे "मुख्य स्टेशन" असं काही नाही. दिशेप्रमाणे स्टेशनं वेगळी. ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम आणि लंडनच्या गाड्या गार द्यू नॉरला. स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीच्या बाजूच्या गार द लेस्टला. बाझेल, झुरिक, जिनिव्हा, लियों, मार्सेयकडच्या गार द लियोंला. बोर्दोच्या मोंपार्नासला. काका-काकू उतरणार नॉरला आणि ल्युसर्नसाठी बाझेलची गाडी धरणार लियोंहून. तेव्हा हॉटेल गार द लियोंजवळ. तिथून मेट्रोची १ नंबरची लाइन थेट लूव्र आणि शांझेलिझेला जाते, म्हणजे फिरायलाही सोय. एक सावधगिरी: पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. म्हणून पोहोचायच्या दिवशी नॉरहून हॉटेलपर्यंत टॅक्सी करा आणि शहरात शक्य तिथे बस वापरा.

ल्युसर्न. इथे डोळे झाकून स्टेशनाजवळ राहा. स्टेशन तळ्याकाठी, बोटींचे धक्के समोरच, आणि जुना लाकडी चॅपल ब्रिज चालत काही मिनिटांवर. टिटलिससाठी एंगेलबर्गची गाडी याच स्टेशनातून सुटते आणि रिगीला जायला बोट समोरून. जिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, तिथे स्टेशनाजवळची खोली थोडी महाग पडली तरी परवडते.

व्हेनिस. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. व्हेनिसची दोन मोठी स्टेशनं आहेत: मेस्त्रे आणि सांता लुचिया. मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया बेटावर. रेल्वेने दोन्हींत साधारण १० मिनिटांचं अंतर. मेस्त्रेला खोल्या स्वस्त, पण खिडकीबाहेर व्हेनिस दिसत नाही. बेटावर मोटारी नाहीत, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. नकाशावर ८०० मीटर दिसतात, पण मध्ये चार पूल असले तर बॅग चार वेळा उचलायची. काका-काकूंसाठी आम्ही सांता लुचियातून डावीकडे जाणाऱ्या लिस्ता दी स्पान्या रस्त्यावर बघितलं, कारण त्या टप्प्यात पूल ओलांडावा लागत नाही. ज्यांचं बजेट घट्ट आहे त्यांनी मेस्त्रे जरूर घ्यावं, पण स्टेशनासमोरचं. मेस्त्रे स्टेशनापासून पुन्हा बसने जायचं हॉटेल नको.

रोम. शेवटच्या रात्री तेर्मिनी स्टेशनाजवळ. तिथून फ्युमिचिनो विमानतळाला थेट गाडी आहे, ३२ मिनिटांची. नियम तोच, निघायचं ठिकाण जवळ.

"पण स्टेशनाजवळचा भाग चांगला असतो का?"

आपल्याकडे स्टेशनाजवळ म्हटलं की लॉज आठवतं, त्यामुळे काकूंची ही शंका रास्त होती. उत्तर शहरागणिक बदलतं. कोलोनला स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल, तिथे काळजी नाही. फ्रँकफर्टला स्टेशनासमोरच्या काही गल्ल्या नशेबाजीसाठी बदनाम आहेत. तिथे दोन-तीन थांबे पुढे जाऊन राहणं बरं. व्हिएन्नाचं नवं मुख्य स्टेशन जुन्या शहरात नाही, पण यू-१ मेट्रोने स्टेफान्सप्लाट्झ तिसऱ्या थांब्यावर आहे. स्टेशनाला दोन बाजू असतात हेही विसरू नका. एका बाजूला वर्दळ आणि दुसऱ्या बाजूला शांत वस्ती, असं अनेकदा असतं.

पैसे भरण्यापूर्वी

जाहिरातीतल्या "केंद्रापासून २ किलोमीटर"वर विश्वास ठेवू नका. नकाशात निघायच्या स्टेशनापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा चालत जायचा रस्ता काढा. मग रस्त्याचे फोटो उघडून तो रस्ता डोळ्यांनी चाला. दगडी फरसबंदी आहे का? चढ आहे का? चाकाची बॅग फरसबंदीवर अर्धा किलोमीटर ओढून बघा, मग कळेल. आपल्यासारखे हमाल तिथे मिळत नाहीत, हे धरूनच चाला.

आधी राहिलेल्या लोकांचे अभिप्राय वाचताना लिफ्ट, जिने आणि आवाज हे तीन शब्द शोधा. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसीही. आपण भिलाईकर ४५ अंशांत राहतो, पण घरात कूलर असतो. तिथे बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसीही नाही आणि पंखाही नाही.

स्वस्त खोलीचा हिशोब पूर्ण करा. समजा, बाहेरची खोली रात्रीला २५ युरोंनी स्वस्त आहे. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं १२ युरो गेलं, तर उरले १३. त्यासाठी रोजचा दीड तास द्यायचा का, ते तुम्ही ठरवा. दुपारी खोलीवर येऊन तासभर पाय पसरता येणं याचीही किंमत असते, विशेषतः काकूंसारख्यांना. इटलीतल्या शहरांत पर्यटक कर दर माणशी, दर रात्री हॉटेलातच वेगळा भरावा लागतो, तोही धरा. उलट बाझेल, बर्न, जिनिव्हात हॉटेलात राहणाऱ्यांना शहरातला बस-ट्रामचा प्रवास फुकट मिळतो.

शेवटचं, व्हिसाचं. शेंगेन व्हिसासाठी सगळ्या रात्रींचा मुक्काम दाखवावा लागतो, आणि फिरायलाच जाताना अर्ज सहसा जिथे सर्वात जास्त दिवस त्या देशाकडे करायचा. काका-काकूंच्या यादीत फ्रान्सच्या ४ रात्री, पण व्हेनिस आणि रोम मिळून इटलीच्या ५. म्हणून अर्ज इटलीकडे. काकूंना पॅरिसमध्ये आणखी दोन दिवस हवे होते. ते वाढवले की फ्रान्सच्या ६ रात्री होतात आणि अर्जच बदलतो. तेव्हा रात्री आधी पक्क्या करा आणि व्हिसा हातात येईपर्यंत फक्त रद्द करता येणारी बुकिंग ठेवा. चार पैसे जास्त लागले तरी चालतील.

काकूंनी शेवटी पॅरिसच्या चारच रात्री ठेवल्या. म्हणाल्या, "गुडघा साथ देईल तेवढंच बघू, पण बघू ते निवांत." पुढच्या भागात रेल पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत, ते याच यादीवर मांडून बघू. तोवर आपली यादी काढा आणि प्रत्येक शहरापुढे एकच गोष्ट लिहा: इथून मी कुठल्या स्टेशनातून निघणार?