पहिला नंबर कुणाचा

सकाळी १०. तपकीर गल्लीत शटरं वर जायला लागतात. आमचं दुकान जिन्याखालचं; दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. पोरगा झाडून घेईपर्यंत फोन वाजतोच.

१०.२०. सदाशिव पेठेतले काका. "अहो, माझ्या वर्षभराच्या फायली गेल्या हो! आणि तारीख दाखवतोय २००९ची."

"काका, रात्री बोर्डाचं बटण बंद करता का?"

"करतोच. वीज फुकट येते का?"

रोग कळला. मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२ : २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी, ३ व्होल्ट. जुन्या बोर्डांचं घड्याळ आणि सेटिंग वीज नसताना त्याच्याच जिवावर चालतं. गेल्या वर्षी मी काकांना एसएसडी बसवली, तिला पहिला नंबर दिला आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट आतच राहू दिली. आता बोर्डाला विसर पडलाय आणि पहिला नंबर परत जुनीला गेलाय. काका गेल्या वर्षीच्या घरात बसून आजचं सामान शोधतायत. "काही गेलेलं नाही. संध्याकाळी सीपीयू घेऊन या."

११. लग्नपत्रिका करणारे एक गृहस्थ. मशीन विंडोज सेव्हनचं, त्यात पेजमेकर आणि श्रीलिपी. नव्यानं काही टाकायचं नाही, 'आहे तस्सं' एसएसडीवर पाहिजे. म्हणजे क्लोन. भरलेला माल १४० जीबी, डिस्क म्हातारी. तास-सव्वा तास जाणार.

क्लोन झाल्यावर जुनीची केबल काढूनच पहिल्यांदा चालू करायचं, हा माझा नियम. दोन्ही डिस्कांची ओळखखूण एकच झालेली असते. एकत्र दिसल्या की विंडोज त्यातल्या एकीला बाजूला बसवतं. सुरू झालं. मग जुनी फक्त डेटासाठी परत जोडली, तर मशीन पुन्हा तिच्यावरूनच उठलं.

"बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क पहिलीच आहे की," पोरगा म्हणाला.

आहे. पण या जुन्या बायोसमध्ये याद्या दोन. एकीत सीडी, यूएसबी, हार्ड डिस्क असे प्रकार. दुसरीत हार्ड डिस्कांमधलं आपापसातलं ज्येष्ठत्व. ही दुसरी यादी कुणी उघडतच नाही. तिच्यात एसएसडी वर नेली, एफ१० दाबून सेव्ह केलं. पोरगा आता विसरणार नाही.

२. डबा. पुण्यातली दुकानं १ ते ४ बंद असतात म्हणे. आम्हाला ते सुख नाही.

२.४५ ते ४. किरकोळ. एकाला फक्त पेनड्राइव्हवरून एकदाच चालू करायचं होतं. त्यासाठी सेटिंगमध्ये शिरायचं कारण नाही, बूट मेनूची की असते : डेलवर एफ१२, एचपीवर एफ९.

४.१५. इंजिनिअरिंगची मुलगी, रडवेली. "दादा, विंडोज एसएसडीवर आहे. हार्ड डिस्क कटकट आवाज करत होती म्हणून काढली, तर आता काहीच चालू होत नाही. एसएसडी पण गेली का?"

एसएसडी ठणठणीत. विंडोज टाकताना दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या. यूईएफआयच्या मशीनला आधी फॅट३२ची एक छोटी ईएफआय पार्टिशन लागते. सुरुवातीच्या फायली तिच्यात. ती जुन्या डिस्कवर आधीच होती, म्हणून विंडोजनं तीच वापरली. घर एसएसडीवर, दार हार्ड डिस्कवर. ती दारच काढून घेऊन आली होती. असं महिन्यात दोनदा तरी येतं, आणि दर वेळी मला टाकणाऱ्याचाच राग येतो. दुसरी केबल काढायला किती वेळ लागतो?

इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून उठवलं, शिफ्ट-एफ१० दाबून काळी खिडकी उघडली. इथं सी म्हणजे सी असेलच असं नाही, म्हणून आधी डीआयआर मारून विंडोज कुठल्या अक्षराखाली आहे ते बघितलं. डिस्कपार्टनं एसएसडीच्या शेपटाकडून ३०० एमबी कापून घेतले, फॅट३२ केलं, एस अक्षर दिलं. मग बीसीडीबूटची एक ओळ. पेनड्राइव्ह काढून चालू केलं. तिचं वॉलपेपर आल्यावरच तिनं बाकावर बूड टेकलं.

"नवीन डिस्क घ्या, फोटो आधी काढून घेऊ. ही पुसायची नाही, टाकायची नाही." जुन्या डिस्कवर कागदी टेप लावून तारीख लिहिली. अशा टेप लावलेल्या डिस्कांनी माझा एक खण भरलाय. बायको त्याला अस्थिकलश म्हणते.

८.१०. शटर अर्धं खाली, तेवढ्यात काका स्कूटरवरून आले, सीपीयू पायाशी उभा. सेल बदलला, तारीख आजची केली, एसएसडी वर घेतली. त्यांच्या सोसायटीचा हिशोब, नातवाचे मुंजीचे फोटो, सगळं जागेवर.

काकांनी चष्मा पुसला. "आणि रात्री बटण? बंद करू ना?"

"करा."