सिरीजमधला दिवा

बंद पडलेला जुना अँप्लिफायर समोर आला की जाणता मेकॅनिक तो लगेच चालू करून बघत नाही. आणणाऱ्याला मात्र तीच घाई असते. "लावून तर बघा काका, लाइट लागतो, नुसता डाव्या बाजूने आवाज नाही." पुण्याच्या तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, एका माडीवर बसणारे हे काका अशा वेळी काही न बोलता टेबलाखालून एक फळी काढतात. फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि होल्डरात १०० वॉटचा, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब.

या फळीला सगळे 'सिरीज' म्हणतात. घरात येणारी वीज आधी बल्बातून जाते आणि मग अँप्लिफायरमध्ये. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, २३० व्होल्टचा बहुतेक भार तोच अंगावर घेतो आणि अँप्लिफायर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा लखकन उजळतो, आतले मोठे कंडेन्सर भरले की निखाऱ्यासारखा मंद होतो. इथे एलईडीचा दिवा कुचकामी. काम उजेडाचं नाहीच, तारेच्या अवरोधाचं आहे. थंड तार वीज सहज जाऊ देते, तापली की अडवते. असे बल्ब आता शोधावे लागतात. काकांनी डझनभर बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आहेत. दुकानातली सगळ्यात जपलेली वस्तू तीच.

दुरुस्तीला येणारी यंत्रं बहुतेक सत्तरच्या दशकातली किंवा ऐंशीच्या सुरुवातीची: सॅन्सुई, पायोनियर, मॅरांट्झ, केनवुड. पुढे घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, जड फिरणारे खटके, आत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. १९९१ पूर्वी आयातीवर इतकी बंधनं होती की ही यंत्रं दुकानातून कमी आणि माणसांबरोबर जास्त आली. कुणाचा मामा आखातात, कुणाचे वडील शिपवर. रत्नागिरीच्या एखाद्या घरात पंधरा-वीस किलोचा रिसीव्हर अजूनही क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला सापडतो. खारा वारा त्याला किती मानवला असेल ते झाकण उघडल्यावर कळतं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. रेकॉर्डवरून येणारा सिग्नल नखाएवढ्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीत शिरतो, मधल्या टप्प्यात वाढतो, आणि शेवटी हीटसिंकवर बसलेले दोन दणकट ट्रान्झिस्टर स्पीकरला ढकलायचं-ओढायचं काम करतात. गोम अशी की स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा एक अंश परत पहिल्या जोडीकडे आणून तपासला जातो. शेपूट तोंडात धरलेल्या सापासारखं हे सर्किट असतं. त्यामुळे बिघाड कुठेही असो, व्होल्टेज सगळीकडेच चुकीचं दिसतं. मल्टिमीटर घेऊन फिरणारा नवखा माणूस इथे चक्रावतो, कारण प्रत्येक जागी काहीतरी बिनसलेलंच असतं.

मीही असाच चक्रावलो होतो. माझ्याकडे एक जपानी अँप्लिफायर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. डावी बाजू गेली म्हणून उघडला, तर शेवटचे दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट. नवी जोडी आणली, अभ्रकाची चकती घातली, पांढरी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि थेट प्लग लावला. 'टप्' असा हलका आवाज झाला आणि मागून जळक्या रेझिस्टरचा वास. वाटलं, माल नकली असेल. दुसऱ्या दुकानातून दुसरी जोडी आणली. पुन्हा 'टप्'. तेव्हा कुठे पिशवीत घालून माडी चढलो.

काकांनी जळलेली जोडी बघितलीसुद्धा नाही. "हे मेलेत. यांना मारलं कुणी ते बघू," म्हणाले.

शेवटचे दोन ट्रान्झिस्टर पाळीपाळीने काम करतात. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, त्या क्षणी मध्ये फट पडली तर आवाज फाटतो, विशेषतः हळुवार जागी. म्हणून दोघांनाही थोडंसं चालूच ठेवतात. पालखीला खांदा बदलताना दुसऱ्याने खांदा लावल्याशिवाय पहिला सरकत नाही, तसंच. या राखीव करंटला बायस म्हणतात आणि तो किती ठेवायचा हे प्रीसेट नावाच्या एका छोट्या, फिरवायच्या रेझिस्टरवर ठरतं. बायस जास्त झाला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी करंट ओढतो, त्याने आणखी तापतो आणि काही सेकंदांत खेळ संपतो.

काकांनी शेवटची जोडी काढूनच ठेवली, सिरीज लावली आणि जिथे तिचे बेस येतात त्या दोन बिंदूंवर मीटरची टोकं ठेवली. १.२ व्होल्टच्या आसपास यायला हवे होते, तेवढे आले. मग त्यांनी पेन्सिलीच्या उलट्या टोकाने प्रीसेटवर टिचकी मारली. आकडा उसळला. पुन्हा टिचकी, आकडा खाली. चाळीस वर्षांत प्रीसेटच्या आतल्या सरकत्या पट्टीचा संपर्क सुटत चालला होता, आणि या सर्किटमध्ये प्रीसेट अशा जागी होता की संपर्क सुटला की बायस वर जावा. हाच प्रीसेट पलीकडच्या बाजूला असता तर संपर्क सुटल्यावर बायस पडला असता, आवाज खरखरला असता, पण ट्रान्झिस्टर वाचले असते. किंमत म्हणाल तर किरकोळ रुपयांची वस्तू. मी तिच्यापायी चार ट्रान्झिस्टर जाळले होते.

त्यानंतर मी माडीवर बराच वेळ बसू लागलो. वारंवार येणाऱ्या बिघाडांची तोंडओळख तिथेच झाली. हळू आवाजात एक बाजू गायब, आणि व्हॉल्यूम वाढवला की खरकन परत येते: ही तक्रार घेऊन येणारा ट्रान्झिस्टर गेला म्हणतो, पण दोष बहुधा रिलेचा असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' वाजतं तो रिले. तो मुद्दाम थांबतो, कारण आत बिघाड असेल आणि ४० व्होल्ट सरळ स्पीकरवर गेले तर आठ ओहमच्या कॉइलमधून निदान पाच अँपिअर वाहून ती जळेल. रिलेच्या टिकल्या काळवंडल्या की बारीक सिग्नल अडतो, मोठा वाट फोडतो. काका कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी टिकल्यांमधून ओढतात. सँडपेपर लावलेला दिसला तर त्या माणसाला मनातल्या मनात शिवी देतात. वरचा मुलामाच निघून जातो.

दुसरा शत्रू डिंक. कंडेन्सर हलू नयेत म्हणून जपानी कारखान्यांत पिवळसर डिंक ओतायचे. तो जुना झाला की तपकिरी होतो, मग काळा, आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. वाईट म्हणजे त्यातून वीजही झिरपू लागते. हा डिंक बांबूच्या काडीने खरवडत बसण्यात एक दुपार जाते, त्याचे पैसे गिऱ्हाइकाला पटत नाहीत.

गुणगुण ऐकून निदान करण्यात काकांचा हात धरणारा कोणी नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. गुणगुण ५० ची असेल तर वायर, अर्थिंग किंवा बाहेरून काहीतरी शिरतंय. १०० ची असेल तर पॉवर सप्लायचा कंडेन्सर वाळला. काका पेटी शिकलेले. १०० हर्ट्झ म्हणजे मंद्रातल्या पांढरी पाचपेक्षा जरासा चढा सूर, आणि तो ते मीटर न लावता सांगतात.

कंडेन्सरवरून आठवलं. जुना सेट हाती आला की सगळे कंडेन्सर सरसकट बदलण्याची एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. साठ भाग एकदम बदलले आणि सेट बोलला नाही, तर आधी एक संशयित होता तिथे आता एकसष्ट झाले. शिवाय जुन्या सर्किटच्या पट्टीवर साठ ठिकाणी टेकवलेलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न तांब्याच्या वाटा उचलतं. आधी रोग, मग औषध.

दुरुस्तीच्या दृष्टीने मला आवडतो तो १९७८ चा एनएडी ३०२० हा अँप्लिफायर. एरिक एडवर्डसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरने रचलेला, कागदावर जेमतेम २० वॉटचा, दिसायला मठ्ठ, किमतीने सामान्यांचा. पण अवघड स्पीकरही तो निमूट ओढायचा. त्याच्या मागच्या बाजूला प्रीअँप्लिफायर आणि पॉवर अँप्लिफायर जोडणाऱ्या धातूच्या वाकवलेल्या कड्या असतात. कड्या काढल्या की यंत्राचे दोन स्वतंत्र भाग होतात आणि बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते झाकण न उघडता कळतं. अनेकदा तेवढंही लागत नाही. जुन्या कड्या काढून पुसून परत बसवल्या की गेलेली बाजू येते. त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर होता २एन३०५५, आपल्याकडच्या प्रत्येक हौशी पोराने इन्व्हर्टरसाठी नाहीतर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाताळलेला तो धातूच्या टोपीचा.

नकली मालाचा बाजारही याच टोपीखाली. बंद झालेल्या जपानी नंबरांची छाप मारून भलतेच ट्रान्झिस्टर विकले जातात. काकांकडे एका बाटलीत अशा कापलेल्या टोप्या आहेत. वर आकडा दणकट, आत चिप तिळाएवढी. नवा मुलगा शिकायला आला की त्याला ही बाटली आधी दाखवतात.

माझा अँप्लिफायर तिसऱ्या जोडीवर उभा राहिला. सिरीजचा बल्ब लखकला, मंदावला. रिले 'टक्' वाजला. काकांनी एमिटरच्या ०.२२ ओहम रेझिस्टरवर मीटर लावून नवा प्रीसेट केसभर फिरवला, १० मिलिव्होल्टवर आणला. म्हणजे ४५ मिलिअँपिअर. मग सिरीज काढून थेट वीज दिली आणि दुकानातल्या स्पीकरच्या खोक्यांवर तानपुऱ्याची रेकॉर्ड लावली, नुसता तानपुरा. दोन्ही बाजूंनी जवारी एकसारखी उलगडली. मी झाकणाचे स्क्रू शोधू लागलो.

"राहू दे उघडाच," काका म्हणाले. "अजून गरम कुठे झालाय. चहा सांग, अर्ध्या तासाने परत मोजू."